कोऱ्या पाण्याची रेघ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — ती गेली, ते हे ठाऊक नसतानाच. पण रडत सांगत नाहीये, हे आधी ऐका. रविवारी घाटकोपरच्या एका चाळीत सुलभा परब जिंकली आणि मी ते समोर बसून पाहिलं. एवढा आनंद मला माझ्या बढतीचाही झाला नव्हता.

मग तिला जिंकायला इतकी वर्षं का लागली? — तिथेच यायचंय मला. जरा वळसा पडेल.

मी मुलुंडच्या एका खाजगी प्रयोगशाळेत पाणी तपासायचो. माझं एक यंत्र होतं. ‘माझं’ म्हणतो, कारण दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. त्याच्या टोकाला पाऱ्याचा थेंब लोंबायचा. पाण्यातलं शिसं त्या थेंबात ओढलं जायचं आणि कागदावर रेघ वर चढायची. झकास यंत्र. फक्त पाण्यातला पारा त्याला दिसत नसे — स्वतःच पाऱ्याचं, त्याला पारा काय दिसणार? पाऱ्यासाठी नमुना बाहेर पाठवावा लागायचा.

सुलभा नवी लागलेली, भांडुपची. तिने सोनाराकडून चोख सोन्याची तार ओढून आणली. पारा सोन्याला चिकटतो, हे अंगठी पांढरी पडलेल्या कुणालाही ठाऊक असतं. तिने तेच वापरलं. तार पाण्यात बुडवायची, विजेने पारा तिच्यावर ओढायचा, मग विजेनेच उतरवायचा. उतरताना रेघेला टोक येतं. आम्ही हसलो.

“सोनं पाण्यात बुडवतेस, लग्नात काय घालशील गं?” मी म्हणालो.

“तुम्ही कराल ना आहेर, सर.”

एकदा घाटकोपरच्या त्या चाळीतल्या सावंतवहिनी बोअरिंगचं पाणी सरबताच्या बाटलीत घेऊन आल्या. चाळीमागे थर्मामीटरचा एक छोटा कारखाना होता, बंद पडलेला. नळाला पाणी नसलं की चाळ बोअरिंगचंच पाणी प्यायची. सुलभाने तार बुडवली. रेघेला टोक आलं — उंच, स्वच्छ.

आता आमच्या कामातली एक रीत सांगतो. नमुन्याबरोबर कोरं, शुद्ध केलेलं पाणीही अगदी तसंच तपासायचं. त्याला ब्लँक म्हणतात. ब्लँकलाही टोक आलं तर दोष आणलेल्या पाण्याचा नाही, आपल्या खोलीचा. आणि आमच्या खोलीत माझ्या यंत्राचा पारा फरशीच्या फटीफटीत होता.

“ब्लँक मी लावतो,” मी म्हणालो. सुलभा बाहेर थांबली.

रेघ सरळ आली. पट्टीने ओढावी तशी.

किती वेळ पाहत होतो कोण जाणे. माझी इथली वीस वर्षं — आणि ही दोन महिन्यांपूर्वी लागलेली पोर? मालकाने काही सांगितलं नव्हतं. कुणाचा दबाव नव्हता. मी कागदाची घडी केली, खिशात घातली, बाहेर आलो. म्हणालो, “ब्लँकलाही तेच आलंय. आपलाच पारा. गुंडाळ ती तार.” तिने माझ्यावर विश्वास ठेवला. उरलेला नमुना बाहेर पाठवता आला असता — तोही मी मोरीत ओतला.

सावंतवहिनी बाकावर बसून होत्या.

“सायबानू, पाणी बरा आसा मा?”

“बरं आहे, वहिनी.”

पुढे ते पाणी किती जण प्यायले, कुणाला काय झालं? मी विचारायला गेलो नाही. रस्ता ठाऊक होता.

सुलभा मात्र थांबली नाही. नोकरी सोडून अंधेरीच्या एका कॉलेजात गेली आणि त्याच तारेच्या मागे लागली. आज तिची तार बोटाएवढ्या पट्टीवर सोन्याचा ठिपका होऊन बसली आहे. यंत्र तळहातावर मावतं. रविवारी ती ते घेऊन त्याच चाळीत उभी राहिली; मलाही बोलावलं होतं. आधी कोरं पाणी: सरळ रेघ. मग बोअरिंगचं. टोक उठलं — त्याच जागी, तसंच. ती बोलायच्या आधी मी ओळखलं. चाळीतल्या पोरांनी तिथल्या तिथे पंपाची वायर काढली. काय टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, हात दुखेपर्यंत.

मग तिने मला पुढे बोलावलं. “आधी ब्लँक, हे मला ह्या सरांनी शिकवलं,” म्हणाली आणि खांद्यावर शाल घातली. मी ती घेतली. पहिल्या रांगेत सावंतवहिनी टाळ्या वाजवत होत्या.

तो घडीचा कागद मी इतकी वर्षं जाळला का नाही, मला सांगता येत नाही. आज तो शालीत ठेवून सुलभाच्या हातात देतोय, सोबत हे लिखाण. याचीच एक प्रत चाळीच्या फळ्यावर लागेल. कागदावर त्या दिवशीचं माझं अक्षर आहे: ‘ब्लँक — काही नाही.’

पाणी बरं नव्हतं, वहिनी. मला तेव्हाच माहीत होतं.