ब्याण्णव ग्रॅमचा सूड

लॅबकाकांचा स्वभाव अगदी गरीब आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी लॅबकाकांची खोडी अजून काढलेली नाही.

शाळेच्या प्रयोगशाळेत ते एकतीस वर्षं सहायक आहेत. परीक्षानळ्या धुवायच्या, बर्नरच्या नळ्या बदलायच्या, तराजूला कुणी बोट लावलं की डोळे वटारायचे आणि रसायनांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या. चिठ्ठीवर नाव, खाली तारीख. रागाच्या बाबतीतही त्यांची हीच पद्धत. तुम्ही-आम्ही चिडतो, तासभर धुमसतो, चहा पितो आणि विसरतो. काकांचा राग मात्र काचेच्या बुचाच्या बाटलीत जातो, त्याला चिठ्ठी लागते आणि तो फळीवर जाऊन बसतो. तो उडून जात नाही की पातळ होत नाही. शेजारच्यानं बारा वर्षांपूर्वी नेलेली शिडी तुटलेली परत आणली, तीही बाटली अजून फळीवर आहे.

त्या फळीवरची सगळ्यात मोठी बाटली साडूंच्या नावाची.

साडू म्हणजे काकूंच्या धाकट्या बहिणीचे यजमान. नळ आणि फरशांचं दुकान. बोलणं असं, की गिऱ्हाईक नळाचा वायसर घ्यायला यायचं आणि अख्ख्या न्हाणीघराच्या फरशा घेऊन जायचं. डोंगर चढायची त्यांना भारी हौस. गेल्या वर्षी सुट्टीत त्यांनीच टूम काढली : दोघी बहिणी, दोघे साडू, पाठीवर पिशव्या, तीन दिवस डोंगरात.

काकू म्हणाल्या, "चार माणसांचा भात शिजायचा तर आपलं जाड बुडाचं पातेलंच न्या. त्यात कधी लागत नाही." काका बायकोच्या शब्दाबाहेर नाहीत. पातेलं झाकणासकट त्यांच्या पाठीवर चढलं आणि दोन दिवस चौघांचा भात त्यातच शिजला. साडूंनी तो दोन-दोनदा वाढून घेतला, हे विशेष.

तिसऱ्या दिवशी खिंडीत विसावा घेतला. तिथे आणखी दोन घोळके बसले होते. म्हणजे साडूंना आयतेच प्रेक्षक मिळाले.

"दादा, पाठीवर घर बांधून आणलंय की काय?" असं म्हणत त्यांनी काकांच्या पिशवीतून पातेलं उपसलं, खिशातला वजनाचा हुकाचा काटा काढला आणि त्याला पातेलं टांगलं. "दोन किलो एकशे चाळीस! मंडळी, बघून घ्या. हे आमचे थोरले साडू. डोंगरावर हंडा घेऊन पाणी भरायला आलेत!"

सगळे हसले. मेहुणी हसली. काकूंनी पदर तोंडाला लावला, पण खांदे हलले ते काकांनी पाहिलं.

त्या दिवसापासून काकांचं नाव हंडा पडलं. फोन आला की, "हंडा आहे का घरी?" सासूबाई पत्रिकेवर नाव घालायला विचारतात तशा गंभीरपणे विचारू लागल्या, "आमच्या हंड्याची तब्येत काय म्हणते?" हद्द झाली ती एका सकाळी. बेल वाजली आणि काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अहो हंडा, दार बघा जरा!" लगेच जीभ चावली त्यांनी. पण शब्द आणि सांडलेलं आम्ल, दोन्ही परत बाटलीत भरता येत नाहीत.

त्याच दिवशी काकांनी ठरवलं, याचं उट्टं काढायचं. आणि ते हातघाईनं नव्हे, शास्त्रानं काढायचं.

शाळा सुटली की ते प्रयोगशाळेचं दार लोटून घ्यायचे आणि हलक्या भांड्यांचा अभ्यास करायचे. पगारातून दोन घेतली, खेळाच्या सरांकडून एक मागून आणलं. सर दरवर्षी डोंगरात जाणारे. त्यांचं भांडं टायटॅनियमचं, करड्या रंगाचं, उंच पेल्यासारखं. काकांनी ते तराजूवर ठेवलं आणि क्षणभर तराजू बिघडला असंच त्यांना वाटलं. ब्याण्णव ग्रॅम! काकूंचा चहाचा कपही याच्यापेक्षा जड.

"घ्या की डोळे मिटून," खेळाचे सर म्हणाले. "मी तर त्यात फक्त चहाचं पाणी उकळतो."

त्या 'फक्त'पाशी काका थबकले. एकतीस वर्षं ज्यानं मुलांना 'फक्त दोन थेंब' म्हणून बजावलंय, त्याच्या कानातून 'फक्त' निसटत नाही.

त्यांनी प्रत्येक भांड्याच्या तळाला चमचाभर कोरडं पीठ पसरलं आणि खाली एकाच बर्नरची तीच ज्योत ठेवली. टायटॅनियमच्या भांड्यात मधोमध नाण्याएवढा डाग पडला, आधी तांबूस, मग काळा. कडेचं पीठ पांढरं ते पांढरंच. शेजारी कडक थर दिलेल्या अॅल्युमिनियमचं पसरट पातेलं होतं. त्यातलं पीठ कडेपर्यंत एकसारखं बदामी झालं. मग स्टॉपवॉच लावून पाणी उकळून पाहिलं. उंच आणि अरुंद भांड्याच्या बाजूंनी ज्योत वर पळून जाते, रुंद बुडाखाली ती निमूट बसते. झाकण ठेवलं की वेळ निम्म्यावर नाही आला, तरी डोळ्यांत भरण्याइतका कमी झाला. शेवटी भात लावून पाहिला. टायटॅनियममध्ये तळाला कोळसा, मधे लगदा आणि वर कच्चे तांदूळ, असा तिमजली भात झाला.

म्हणजे डोंगरात नुसतं पाणी उकळणाऱ्यानं टायटॅनियम न्यावं, आणि रांधून खाणाऱ्यानं रुंद बुडाचं, पातळ अॅल्युमिनियमचं, झाकणासकट. आपल्याला कोणतं घ्यायचं ते काकांना कळलं. आणि त्याच क्षणी, साडूंना कोणतं घ्यायला लावायचं तेही.

रात्री जेवताना ते भिंतीकडे बघत म्हणाले, "टायटॅनियम. ब्याण्णव ग्रॅम. बास, याहून हलकं भांडं मी तरी पाहिलेलं नाही."

यात खोटं एक अक्षर नव्हतं. अर्धं खरं मात्र ताटाखाली होतं. काकू रोज चार वाजता बहिणीला फोन करतात आणि पोटात काही ठेवणं हे त्या अपचन मानतात, हे काकांना लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी साडूंचा फोन. "काय हंडा, ऐकलं ते खरं का? या वर्षी हलकं सामान?"

"बघतोय आपलं," काका म्हणाले.

"बघताय काय, पैज लावू! या वर्षी ज्याचं त्यानं शिजवायचं. दुपारी खिंडीत काटा टांगायचा. ज्याचं भांडं जड तो हंडा. जन्मभर."

"चालेल. पण निकाल जेवणं झाल्यावर लावायचा."

"आधी लावा नाहीतर नंतर, जेवल्यानं भांडं थोडंच हलकं होतंय!" साडू खदाखदा हसले. काकांनी फोन ठेवला आणि कित्येक दिवसांनी शीळ घातली.

पुढचे दोन महिने काकांचे फार सुखात गेले. त्यांनी आपल्या पातेल्याची जड मूठ काढून टाकली आणि प्रयोगशाळेतला चिमटा घरी आणून त्यानं पातेलं उचलायची सवय केली. जुन्या पत्र्याचं कागदासारखं झाकण कापलं. डावाचा दांडा करवतीनं अर्धा केला. तो काकूंचा आवडता डाव निघाला, तेव्हा घरात थोडं वादळ झालं; पण सुडाच्या मार्गावर डावासारखी बलिदानं होतातच. झाकणासकट पातेलं एकशे अडुसष्ट ग्रॅम भरलं. काटा टांगला की आपण हरणार, हे त्यांना पक्कं माहीत होतं. हरायचीच त्यांना घाई झाली होती.

ठरल्या दिवशी चौघं जवळच्या वाटेनं थेट खिंडीत पोचले. ऊन होतं, वारा अंगावर येत होता. गेल्या वर्षीसारखेच आणखी दोन घोळके सावली धरून बसले होते, आणि साडूंनी त्यांना जमवायला वेळ घालवला नाही.

"या मंडळी, या! आमच्या घरचा सामना बघा." त्यांनी पिशवीतून उंच, करडा पेला काढला. "टायटॅनियम. खास मागवलंय. झाकण वेगळं मिळत होतं, घेतलं नाही. उगाच वजन कशाला?" काटा टांगला. "शहाऐंशी! दादा, तुमचं?"

काकांनी झाकणासकट पातेलं दोऱ्यात बांधून हुकाला लावलं.

"एकशे अडुसष्ट! दुप्पट! निकाल जेवणानंतर लावू, पण टाळ्या आत्ताच हंड्यासाठी!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी नवऱ्याकडे चमकून पाहिलं. "अहो, तुम्ही तर ब्याण्णव म्हणाला होतात ना?"

"म्हणालो होतो," काका म्हणाले. "घेतलं असं कुठे म्हणालो?"

काकूंच्या कपाळावर एक आठी पडली. ती त्यांनी तूर्त तशीच ठेवली.

शेगड्या पेटल्या. काका दगडांच्या आडोशाला बसले, पातेल्यावर झाकण ठेवलं, ज्योत बारीक केली आणि हाताची घडी घातली. साडूंचा पेला शेगडीवर झोकांड्या खात होता. त्याला एका हातानं सावरायचं, दुसऱ्या हातानं ढवळायचं, आणि वाऱ्यानं ज्योत एका अंगाला गेली की पेल्यासकट आपणही सरकायचं, असा साडूंचा नाच सुरू झाला. वरचं पाणी अजून कोमट होतं तोवर खालून वास आला.

"अरे, लागतंय खाली," मेहुणी म्हणाली.

"लागत नाहीये. तो टायटॅनियमचा वास आहे. नवीन आहे ना."

"टायटॅनियमला करपलेल्या भाताचा वास येतो?"

"तू बोलू नकोस, माझं लक्ष जातं!"

साडूंनी जरा पाणी ओतलं, ज्योत मोठी केली, पुन्हा पाणी ओतलं. अखेर पेला उतरवून चमचा घातला. वरचे तांदूळ टणक, मधे खळ, आणि तळाला चमचा ठक्क करून थांबला. मेहुणीनं एक घास घेतला, चावला आणि नवऱ्याकडे असं बघितलं की त्या नजरेवर दुसरा भात शिजला असता.

इकडे काकांनी झाकण उचललं. मोकळा, पांढराशुभ्र भात. एक शीत दुसऱ्याला चिकटलेलं नाही. वाफ वाऱ्याबरोबर बरोबर साडूंच्या नाकाकडे गेली. याचं श्रेय काकांना देता येणार नाही, पण त्यांनी ते घेतलं.

सकाळपासून चढून साडूंच्या पोटात कावळे ओरडत होते. त्यांनी आधी आभाळाकडे पाहिलं, मग बुटाच्या नाड्यांकडे, आणि मग ताटली पुढे केली. "जरा... थोडा भात मिळेल का?"

"कुणाकडे मागताय?" काका शांतपणे म्हणाले. "हंड्याकडे की कुणाकडे?"

घोळके अजून बसलेच होते.

"दादा," साडू पुटपुटले.

"वाऱ्यात ऐकू नाही आलं."

"दादा! थोडा भात द्या, दादा! नाही म्हणणार पुन्हा हंडा. कुणीच नाही म्हणणार. झालं?"

झालं होतं. वर्षभराची बाटली उघडली होती आणि काकांना तिचा सुगंध येत होता. ते पाच मिनिटं असेच बसून राहिले असते. पण काकू उठल्या.

"थांबा जरा. ब्याण्णव ग्रॅमचं तुम्ही माझ्यासमोर का बोललात, ते आत्ता कळलं मला. मी चार वाजता फोन करते म्हणून ना? माझ्याच तोंडून माझ्या बहिणीच्या ताटात कोळसा वाढलात?"

"अगं, खोटं काही..."

"गप्प बसा. मी काय तुमच्या प्रयोगशाळेतली नळी आहे, एका टोकानं ओतलं की दुसऱ्या टोकानं बाहेर?" त्यांनी चिमट्यानं पातेलं उचललं. "चल गं, तू आणि मी हे खाऊ. आणि या दोघांना तो पेला. अन्न टाकायचं नाही. तळ दिसेपर्यंत खायचं, दोघांनी मिळून."

"ताई, मी काय केलं?" साडू कळवळले.

"वर्षभर माझ्या नवऱ्याला हंडा म्हणत होतात ते!"

"तूही म्हणाली होतीस एकदा," काकांच्या तोंडून निसटलं. काकूंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि दोघी बहिणी पातेलं घेऊन सावलीत गेल्या.

दोघे साडू समोरासमोर बसले. मधे पेला. दोघांनी एकेक घास घेतला. तो भात होता म्हणायचं तर तोंडात वाळू, डिंक आणि जळका कोळसा एकाच वेळी फिरत होते. साडूंचे डोळे पाणावले. त्यांनी चार घास कसेबसे ढकलले आणि चमचा खाली ठेवला.

"पुरे दादा. ताईंना सांगू, संपला म्हणून."

काकांची जीभ कडू झाली होती, दाढ ठणकत होती. त्यांनाही पुरे झालं होतं. पण त्यांनी साडूंच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, एकतीस वर्षं परीक्षानळीतला रंग बदलताना पाहिला तसा, आणि त्यांना अचानक भूक लागली.

"छे, छे. खाली बरीच खरवड आहे," ते म्हणाले. चमच्याच्या टोकानं त्यांनी तळ खरवडला, काळे पापुद्रे सोडवले, ताटलीत घेतले आणि दाणा न दाणा बघून त्याचे दोन बरोब्बर सारखे वाटे केले. एक साडूंपुढे सरकवला.

"घ्या. अर्धा तुमचा, अर्धा माझा."

साडूंनी घास तोंडात घातला. तो गिळला जाईपर्यंत काका बघत राहिले, आणि मगच त्यांनी आपला उचलला.