उजव्या चाकाचा आवाज

माझे कान फार तिखट, असा मला आयुष्यभर तोरा. शेजारच्या कुकरची तिसरी शिट्टी राहिलीय, हे मी आमच्या ओट्यावरून सांगायची. अजूनही नातवंडं चोरून चॉकलेटचा कागद सोडतात तेव्हा पलीकडच्या खोलीत मला कळतं आणि गुपचूप माझा वाटा मिळतो. पण याच कानांनी मी एका माणसाची गाडी काढून घेतली. तेही हसत हसत.

आष्ट्याजवळ आमची रोपवाटिका आहे. उसाची, टोमॅटोची रोपं ट्रेमध्ये वाढवायची आणि पिकअपमधून पार लोणंदकडच्या शेतकऱ्यांपर्यंत पोचवायची. गाडी आमचे मालक चालवायचे. तोफखान्यात नोकरी करून आलेला माणूस. पेन्शन होती, घरचा ऊस होता, पण गाडीवर बसल्याशिवाय त्यांना दिवस गोड लागायचा नाही. मी शेजारी. रोपांना पाणी किती द्यायचं हे शेतकऱ्यांना समजावून सांगायला जाते, असं मी लोकांना सांगायची.

खरं कारण वेगळं होतं. घरात हा माणूस माझ्याशी धड बोलायचा नाही. ओट्यावरून विचारावं, "आवं, भाकरी वाढू का?" तर भिंतीला विचारल्यासारखं. गाडीत मात्र प्रत्येक बोलण्याला उत्तर, वर हसणंसुद्धा. यावरून मी काय अर्थ काढला? घरात माणसांची वर्दळ. गाडीत आम्ही दोघंच, म्हणून यांचं प्रेम तिथं जागं होतं! बरं, मी काही नवी नवरी नव्हते. पन्नाशी उलटलेली बाई. तरी मातीनं भरलेले ट्रे उतरवायला निघताना ठेवणीतली साडी आणि तोंडाला पावडर. तेव्हाची ती बया आज भेटली तर मी तिला आरशासमोरून ओढून आणीन आणि दोन शब्द सुनावीन.

एका फेरीला कराडच्या पुढं गुळगुळीत रस्ता लागला आणि गाडीनं साठ गाठली तसा खालून आवाज सुरू झाला. घूंऽऽ घूंऽऽ. जातं फिरल्यासारखा. आरशात बघितलं तर मागं ट्रेमधली रोपं थंडी भरल्यासारखी थरथरत होती.

"आवं, डावं चाक बोलतंय."

"स्टेरिंग थरथरतंय," ते म्हणाले. "पण उजव्याचं हाय ते. डावीकडं वळलं की जास्ती हातात येतंय."

"हातात काय येतंय? मला कानानं ऐकू येतंय न्हवं! हिकडनं, माझ्या खिडकीतनं येतोय आवाज."

त्यांनी गाडी हळू केली. मी जिंकले.

आधी चाकांचं बॅलन्सिंग केलं. फरक नाही. मग माझ्या हट्टापायी डाव्या चाकाचं बेअरिंग बदललं. घूंऽऽ तसंच. शेवटी मुलगाही आमच्याबरोबर गॅरेजला आला. मिस्त्रीनं जॅक लावून उजवं चाक उचललं, एका हातानं फिरवलं, दुसरा हात आतल्या स्प्रिंगवर ठेवला आणि म्हणाला, "काकी, हितं हात लावा." लावला. आत खडे भरडल्यासारखी खरखर तळव्याला लागत होती.

मालकांचंच खरं निघालं होतं. बाईमाणसानं तिथं गप्प बसावं की नाही? पण हरल्यावर मला गप्प बसता येत नाही.

"आवं, म्हंजी ह्यो आवाज तुमच्याच कानापाशी हुता की! इतकं बोंबलत हुतं आन् तुमास्नी एकदाबी ऐकू आलं न्हाई? भैरं हायसा का काय!"

मिस्त्री हसला, मुलगा हसला, मीही पदर तोंडाला लावून हसले. ते हसले नाहीत. मिस्त्री त्यांच्या उजव्या अंगाला उभा होता. हसू आवरत त्यानं विचारलं, "आबा, किती दिवस असं चालवताय?" ते चाकाकडंच बघत राहिले. त्यानं पुन्हा विचारलं. तरी मान वळली नाही. मुलाचं हसू थांबलं. माझंही.

बेअरिंग बसलं. निघताना मुलानं हात पुढं केला. "आबा, चावी."

ते माझ्याकडं बघत होते. चावी त्यांनी दिली, पण बघत माझ्याकडं होते.

डॉक्टर म्हणाले, उजवा कान तोफांच्या आवाजानं नोकरीतच गेलाय. आता डावाही उतरायला लागलाय. कानात घालायचं यंत्र आणलं, ते डबीतच राहिलं. चावी त्यांनी पुन्हा मागितली नाही. दुपारी मुलगा पिकअप अंगणात लावून जेवायला यायचा, तेव्हा ते जाऊन तिच्यात बसायचे, स्टेरिंगवर हात ठेवून. मी डावीकडच्या दारानं चढायची. कुठं जायचं नसायचं.

एकदा विचारलंच, "मला तरी सांगायचं हुतं."

"तुज्या पोटात काय ऱ्हातंय व्हय? पोराला कळलं की गाडी जाणार, ठावं हुतं मला."

"आन् घरात बोलत का न्हवता माज्याशी?"

ते समोरच्या काचेवरची धूळ बोटानं पुसायला लागले. "तू कवा बोलायचीस घरात? मला वाटायचं, ही घरात रुसूनच असती. गाडीत बसली की खुलती."

मी पदर तोंडाला लावला. या वेळी हसायला नव्हे.

जेवायला त्यांचा पाट भिंतीकडं असायचा, उजवा कान ओट्याकडं. मी ओट्यापाशी उभी राहून एवढी वर्षं त्या मेलेल्या कानाशी बोलत होते, रागावत होते, त्याला टोमणे मारत होते. त्या संध्याकाळी मी पाट उचलून दुसऱ्या अंगाला मांडला. कुणाला काही सांगितलं नाही. ते बसले आणि मी भाकरी थापता थापता हळूच म्हटलं, "आमटी खारट झालीय जरा."

"जरा न्हवं, लय," ते म्हणाले.

पाट फिरवायला मला काय लागलं? दोन हात. त्यानंतर ते दोनच हिवाळे जेवले.

पाट अजून तिथंच आहे, जाण्यायेण्याच्या वाटेत. सून रोज त्याला ठेचकाळते. "आत्याबाई, भिंतीकडं सारू का ह्यो?" म्हणून विचारते.

मला स्पष्ट ऐकू येतं. पण मी ऐकू न आल्यासारखं करते.