बैठकीतला हीटर

तारेची वेटोळी आधी काळीच असत. मग कुठूनशी एक मंद लाली त्यांच्यात उतरू लागे, मागच्या चकचकीत पत्र्यात ती पसरली की सगळ्या बैठकीत तापलेल्या धुळीचा कोरडा, करपट वास भरून राही... आमच्या निलंग्याच्या घरातला तो पहिला विजेचा हीटर. मोठ्या काकांनी, म्हणजे अप्पांनी, हैदराबादहून आणलेला. आडतीवरची मंडळी गाद्यांवर त्याच्याभोवती बसत, हात शेकत तुरीच्या भावाचं बोलत, आणि अप्पा मधूनच त्याची जाळी हलकेच आपल्याकडे वळवून घेत.

त्याच घराच्या मागच्या अंगाला, पत्र्याच्या खोलीत, माझी आई बाळंतीण होती. धाकटी गौरी दिवस भरण्याआधीच जन्मली होती — मांजरीच्या पिलाएवढी, पातळ कातडीतून निळ्या शिरा दिसणारी. पौषातली थंडी त्या पत्र्यातून खाली उतरे, पहाटे आतल्या बाजूला दव साचून गोधडीवर ठिबके. आणि आईच्या बाजेखाली रिवाजाप्रमाणे शेगडी. ओवा, शेपा आणि गोवरीचा धूर यांचा तो जड वास... लातूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, बाळाला ऊब द्या, पण धूर अजिबात नको. आईनं ते वडिलांना सांगितलं, वडिलांनी मान खाली घालून अप्पांना.

“बाळंतिणीला शेगडी हाय की,” अप्पा म्हणाले. “आपन काय हीटरवर वाढलो का?”

वडील परत आले ते शेगडीसाठी आणखी गोवऱ्या घेऊन. भाऊ म्हणून, बाप म्हणून त्यांना एवढंच सुचावं, याची चीड मला तेव्हाही आली होती. आजही ती तेवढीच ताजी आहे. पाहुण्यांच्या तळहातांना ऊब हवी होती, आणि ज्या जिवाला तिच्याशिवाय जगताच आलं नसतं, त्याच्या वाट्याला धूर.

एका संध्याकाळी गौरीचा खोकला थांबेना. ओठ काळेनिळे पडू लागले, श्वास घेताना इवल्या बरगड्यांमध्ये खळगे पडू लागले. काकू — अप्पांची बायको — चुलीपाशी भाकरी करत होती. ती उठली, पिठाच्या हातांनीच शेगडी अंगणात नेऊन ठेवली, आणि सरळ बैठकीत गेली. त्या बैठकीत घरातल्या बायका चहाचा ट्रे उंबऱ्याशी ठेवण्यापुरत्याच जात. मी तिच्या मागोमाग. तिनं बटण बंद केलं, पिन ओढली आणि पदर हाताला गुंडाळून तो तापलेला हीटर उचलला.

अप्पांनी आवाज न चढवता विचारलं, “मानसं बसलेत, दिसंना का तुला?”

“दिसायलेत की,” काकू म्हणाली. “त्यांना थंडी वाजली तर उठून आपापल्या घरी जातील. लेकरू कुठं जाईल?”

त्या रात्री पत्र्याच्या खोलीत प्रथमच धुराशिवाय ऊब आली. गौरीचा श्वास हळूहळू सैल झाला. सकाळी पहिल्या एस.टी.नं तिला लातूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, धूर वेळेवर थांबवला म्हणून लेकरू हाती लागलं. हीटर थंडी सरेपर्यंत आईच्या खोलीतच राहिला, आणि अप्पा होळीपर्यंत काकूशी एक शब्द बोलले नाहीत. तिनं वाढलेलं ताट मात्र रोज जेवत होते.

पुढे ही गोष्ट घरात सांगितली जाऊ लागली, आणि सांगता सांगता बदलली. गौरीच्या लग्नात वऱ्हाडापुढे कुणी कौतुकानं म्हणालं, “अप्पांनी हैदराबादेहून हीटर आणला म्हणून ही पोर वाचली.” अप्पा समाधानानं हसले. मी तोंड उघडणार, तोच पंगतीत भात वाढणाऱ्या काकूनं मला डोळ्यांनी दटावलं. “जाऊ दे गं,” ती नंतर म्हणाली, “शुभकार्यात कशाला.”

गेल्या वर्षी काकू गेली. भेटायला आलेले नातेवाईक तेच तेच बोलत होते... किती शांत बाई, कधी कुणाला उलटून बोलली नाही. एवढं ऐकलं आणि मला राहवेना. त्या गर्दीत, गौरीच्या देखत, मी ती संध्याकाळ पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली — खोकला, बैठक, काकूचा प्रत्येक शब्द. गौरी उठून माझ्याजवळ येऊन बसली. सगळ्यांच्या नजरा अप्पांकडे गेल्या. मला वाटलं, आता ते नाकारतील.

“हाव,” अप्पा म्हणाले. “तिनंच उचलला होता. लई चिडली होती माझ्यावर.”

सगळ्यांना ते बोलणं मोठ्या मनाचं वाटलं. मला नाही वाटलं. विसरले असते तर एक वेळ माफ केलं असतं... पण त्यांना सगळं लख्ख आठवत होतं. लग्नाच्या मांडवात हसताना आठवत होतं, तिच्या हातचं जेवताना आठवत होतं. तेव्हा कधीतरी, ती समोर असताना, एवढं एक वाक्य त्यांना बोलता आलं असतं.