कूलर एकाच बाजूनं धुतला

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही — बायकोलाही नाही. यंदा दिवाळीआधी दादा गेला. ज्याला सांगायला हवं होतं तोच आता नाही, म्हणून तुम्हाला सांगतो आहे.

नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस बाजव्याच्या रस्त्यावर आमचं गॅरेज होतं. बडोद्यात तेव्हा ऑटोमॅटिक गाड्या मोजक्याच — परदेशातून परतलेल्यांच्या, एखाद्या डॉक्टरच्या. त्यांचे गिअरबॉक्स उघडून पुन्हा बांधायला लोक लांबून माझ्या दादाकडे यायचे. मी एम.ए. होऊन घरी बसलेलो. दादानं मला कूलर धुण्याच्या मशीनवर बसवलं. मशीनची माहिती इंग्रजीत होती. ती वाचण्यापुरता मी उपयोगी.

काय दिवस होते ते! कोमट तेलाचा तो वास अजून नाकात येतो. दुपारी सेवउसळ आली की दादा हात पुसत ओरडायचा, "ए वाचनालय, चालो, खाऊन घे! मशीनला गोष्ट वाचून दाखवतोयस काय?"

काम तसं साधं. गिअरबॉक्स झिजला की धातूचा भुगा तेलाबरोबर पुढच्या, तेल थंड करणाऱ्या कूलरमध्ये जाऊन बसतो. मशीनच्या नळ्या कूलरला जोडून गरम तेल जोरात फिरवायचं. काचेतून दिसणारं काळं तेल स्वच्छ लाल झालं, की नळ्यांची अदलाबदल करून उलट्या दिशेनंही फिरवायचं. चिकटलेला भुगा तेव्हाच सुटतो. नाहीतर तो नव्यानं बांधलेल्या गिअरबॉक्सची वाट लावतो.

त्या दिवशी मी एका कादंबरीच्या शेवटच्या पानांवर होतो. तेल लाल झालं. मी मशीन बंद केलं — आणि पुस्तकात परतलो. विसरलो का? नाही. चालून जाईल, असं वाटलं.

आणंदच्या एका डॉक्टरांची ती गाडी. थोड्याच दिवसांत टेम्पोवर चढवून परत आली. दादानं गिअरबॉक्स उघडला. आत सगळा चंदेरी भुगा. त्यानं तो बोटांवर घासून पाहिला. मग म्हणाला, "उलटं फिरवलं होतंस ना रे?" संशयानं नव्हे — सहज.

मी "हो" म्हणालो.

"मग माझ्याच हातून काहीतरी राहिलं."

त्यानं गिअरबॉक्स पुन्हा बांधला. या वेळी मी कूलर दोन्ही बाजूंनी धुतला, आणि गाडी पुढे कितीतरी वर्षं धावली. दादा म्हणाला, नशीब. त्यानंतर त्यानं एकही गिअरबॉक्स उघडला नाही. ब्रेक, क्लच, तेल बदलणं — एवढंच. शेजारचा टायरवाला चिडवायचा, "केम दादा, रिटायर थई गया?" दादा हसायचा. चाळिशी नुकती ओलांडली होती त्यानं. एका वाक्यानं मी त्याला त्याचं काम परत देऊ शकलो असतो — का नाही दिलं? तो मला कमी लेखेल, एवढीच भीती.

शेवटच्या आजारात एक जुनं गिऱ्हाईक भेटायला आलं. त्यांनी विचारलं, "ते काम का सोडलंत हो तुम्ही?"

"हात थरथरायला लागले होते," दादा म्हणाला. "याला विचारा, यानं पाहिलंय."

मी उशाशी बसून संत्रं सोलत होतो. मी म्हणालो, "हो, फार थरथरायचे."

ते कधीच थरथरत नव्हते.