एक्केचाळीस नंबरचा बिल्ला

कुरकुंभच्या फाट्यावर बिशनकौर ट्रकच्या सीटांना रेक्झिनची कव्हरं शिवते. वय सत्तरच्या आसपास. जन्म नांदेडचा. लग्न होऊन दौंडला आली आणि नवरा गेल्यावर त्याचंच मशीन चालवू लागली. मी एकतीस वर्षं इथल्या केमिकल कंपनीत ड्रम चढवले-उतरवले. काम कोण करतं आणि कामाचं नाटक कोण करतं, ते मला लांबून कळतं. तिची शिलाई मी उलटून पाहिली आहे. आतली बाजू बाहेरच्यासारखीच असते.

रविवारी तिचं मशीन बंद. त्या दिवशी ती हायवेजवळच्या छोट्या गुरुद्वारात जोडाघर सांभाळते. जोडाघर म्हणजे चपला-बूट ठेवायची जागा. लोक जोडे देतात, ती नंबर घातलेला पितळी बिल्ला देते आणि जोडे पुसून ठेवते. वरून पुसते, तळही पुसते. हे करताना मान वर करत नाही. आलेल्याला पगडी आहे की नाही, दाढी राखलेली की कापलेली, तिला ठाऊक नसतं. तिला फक्त पाय दिसतात.

मी एकदा विचारलं, "मान दुखत न्हाई का, बाई?"

"दुखते की. पन वर बघितलं की तोंड सुटतं, भाऊ."

मग तिनं सांगितलं. धाकटा भाऊ एकदा केस कापून तिच्याकडे आला होता. तिनं दारातच त्याला फैलावर घेतलं, पाणीही विचारलं नाही. तो आल्या पावली परत गेला. "बावीस वर्सं झाली. नांदेडातच हाय. फोन उचलत न्हाई." एवढं बोलून तिनं पुढचा बूट उचलला.

माझा जोडीदार मेहर सिंग, आमच्याच कंपनीतला फिटर, गेल्या जानेवारीत वारला. त्यानंतरच्या एका रविवारी त्याच्यासाठी ठेवलेल्या ग्रंथसाहिबाच्या पाठाचा भोग, म्हणजे समाप्ती होती. नंतर लंगर, सगळ्यांचं एका पंगतीत जेवण. त्याचा मुलगा दिलावरही कंपनीत आहे. बापाच्या नावानं पंगतीत वाढायचं त्याच्या मनात होतं. त्यानं केस आणि दाढी कापली आहे. सेक्रेटरी जोगा सिंगनं त्याला सांगितलं, "येऊन बस, जेव. वाढायला दुसरी माणसं आहेत." दिलावर मला म्हणाला, "काका, मग मी येतच न्हाई."

बापाच्या भोगाला पोरगा नाही, हे मला सहन होईना. त्या रविवारी सकाळी मी जोगा सिंगला जोडाघरापाशीच गाठलं.

"साहेब, त्याच्या खात्यात तोंडभर मास्क लावावा लागतो. दाढी असली की फटीतनं गॅस आत जातो. पोराचा नाइलाज हाय."

"सोपानराव, दाढीचं समजलं. आन् केस? केसांना बी मास्क लावते का तुमची कंपनी?"

केसांचं मी दिलावरला कधी विचारलंच नव्हतं.

बिशनकौर खाली बघूनच बोलली, "भाऊ, वकिली बंद करा तुमची. कारण पटलं म्हनून आत घ्यायचं, तर ज्याला कारण सांगता येत न्हाई त्यानं कुठं जायचं?"

"माताजी, काही नियम असतात," जोगा सिंग म्हणाला.

"असतात की. मी पाळते, तुम्ही बी पाळा. दुसऱ्याचं डोकं तपासायची ड्युटी तुम्हाला कुनी लावली?"

जोगा सिंग आत गेला.

अरदास, म्हणजे शेवटची प्रार्थना, सुरू व्हायला थोडाच वेळ होता. तेवढ्यात दिलावर फाटकाबाहेर येऊन उभा राहिला. शिफ्ट सुटून थेट आलेला, डोक्याला रुमाल, पायात सेफ्टी शूज. आत येईना. मी हाक मारली तर त्यानं मान हलवली आणि वळला.

बिशनकौर खाली बसलेली. फाटकाखालून तिला ते लोखंडी टोकाचे बूट दिसले, वळलेले. ती उठली. इतक्या वर्षांत काम अर्धं टाकून उठताना मी तिला पाहिलं नव्हतं. भिंतीला धरत ती फाटकाबाहेर गेली, मातीत गुडघे टेकले आणि दिलावरच्या बुटाची नाडी सोडायला लागली.

"माताजी, राहू द्या." तो मागं सरकला.

"मग तू काढ."

त्यानं काढले. तिनं दोन्ही बूट छातीशी धरले आणि त्याच्या हातात बिल्ला ठेवला, एक्केचाळीस नंबरचा. "जोडे माझ्याकडं जमा झाले. आता अनवानी कुठं जाशील? आत जा. बापाची पंगत खोळंबली."

तो आत गेला. दारात जोगा सिंग उभा होता. त्यानं दिलावरच्या हातातला बिल्ला पाहिला, मागून येणाऱ्या बिशनकौरच्या गुडघ्यांवरची माती पाहिली. मग बाजूला झाला. अरदास झाली, पंगत बसली. डाळीची बादली त्यानं स्वतः आणून दिलावरच्या पुढं ठेवली आणि तिथून निघून गेला. दिलावरनं बादली उचलली. मला वाढताना त्यानं डाळीचा थेंबही सांडला नाही.

जेवून मी बाहेर आलो. बिशनकौरच्या मांडीवर ते बूट होते. आमच्या कंपनीतला पिवळा रंग बुटाच्या शिवणीत बसतो. मी तो एकतीस वर्षं घासला. राख लावली, रॉकेल लावलं. निघत नाही, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. ती रेक्झिन शिवायच्या दाभणानं टाक्याटाक्यातून तो उकरून काढत होती, वर ओलं फडकं फिरवत होती. उजवा बूट झाला होता. मी हातात घेऊन उन्हात उलटासुलटा पाहिला. शिवणीत रंग नव्हता. मी तो जपून खाली ठेवला. एवढं काम माझ्या हातून कधी झालं नाही.

दिलावर आला आणि त्यानं बिल्ला पुढं केला.

"बस जरा," ती मान न उचलता म्हणाली. "डावा ऱ्हायलाय."

तो तिच्याजवळ जमिनीवर बसला. त्याच्या तोंडाकडे तिनं अजूनही पाहिलं नव्हतं.