पुसलेलं हळदीचं बोट

मंडळी, आत्ताच ढाणकीहून परत आलो. स्वतःचीच लाज वाटून राहिली आहे.

पुसदच्या एका दिवंगत आर्टिस्टने काढलेल्या लग्नपत्रिका, बियाण्यांच्या पिशव्या, कॅलेंडरं मी जमवतो, हे तुम्हाला माहीतच आहे. ढाणकीच्या रेखाताईंनी त्यांच्या लग्नाची पत्रिका स्कॅन करायला दिली होती. कोपऱ्यात मोर काय काढलाय गड्याने! पण नेमका त्याच्या मानेवर हळदीचा डाग. मी स्पिरिटच्या बोळ्याने तो अलगद पुसला आणि आज मोठ्या ऐटीत पत्रिका परत द्यायला गेलो.

ताईंनी ती उलटसुलट करून पाहिली. उजेडात धरली.

"भाऊ, हयद कुठी गेली?"

"साफ केली ना! पहा, कशी नवी दिसून राह्यली."

त्यांनी पत्रिका मांडीवर ठेवली. मग म्हणाल्या, "देवापुढं ठेवलेली पत्रिका होती ते. हयदीचं बोट माह्या मायनं लावलं होतं. आता माय नाही, तं मी कधीमधी त्याच्यावर आपलं बोट ठेवून पाहात होती."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. उलट मलाच चहा पाजला.

जुना कागद कसा जपायचा, हे मीच तुम्हाला इथे ग्रुपवर शिकवत होतो. घरी कपाटात अशा कितीतरी पत्रिका आहेत, सगळ्या एकदम स्वच्छ. बऱ्याचशा तुम्हीच दिलेल्या.

सांगा, तुमच्या घरचं कोणाचं बोट पुसलं मी?