कालिंदाची जोडवी

"डॉक्टरबाई, रामराम. पेशंट एकदम ओके हाय. ओव्हर."

मुकादमाचा हा व्हॉइस मेसेज लागोपाठ तिसऱ्या आठवड्यात आला आणि माझं डोकं फिरलं. पेशंट होती कालिंदा, आठवा महिना लागलेला. बोलत होता मुकादम.

ऊसतोडीला गेलेल्या आपल्या भागातल्या गरोदर बायका आणि चौसाळ्याच्या डॉक्टरबाई यांच्यात फोनवरून संपर्क ठेवणं, हे माझं काम. ऑफिसात त्याला टेलि-फॉलोअप म्हणतात. टोळीत चालू फोन एकच, तो मुकादमाचा. आणि हा मुकादम कालिंदाचा चुलतसासरा! सासऱ्यापुढे कुठली सून अंगावरचं दुखणं सांगेल?

मी बीडच्या ऑफिसात सरांना हेच म्हणाले.

"मेसेज येतोय ना? मग टिक कर."

"सर, दुखणं बाईचं आणि तोंड मुकादमाचं. याला फॉलोअप म्हणायचं?"

"तू इथं भाषण देऊ नकोस."

डॉक्टरबाईंनी मात्र लगेच पायांचा फोटो मागवला. गरोदरपणात बीपी वाढलं की पायांना सूज येऊ शकते, म्हणून. मुकादमानं हौसेनं फोटो काढला. मागे उसाच्या मोळ्या, पुढे बैलाचं अर्धं तोंड आणि कोपऱ्यात कालिंदाचे मातीनं भरलेले पाय. सूज आहे की माती, मला काही कळेना.

मी फोटो घेऊन चौसाळ्याला गेले. बाईंनी तो मोठा केला. "जोडवी कुठंयत हिची?"

"फडात पडली असतील," मी म्हणाले.

"दोन्ही पायांतली? अगं, मागच्या बाळंतपणात टेबलावरसुद्धा हात लावू दिला नव्हता तिनं. नर्सशी भांडली होती माझी वाघीण. बोटं सुजल्याशिवाय ती काढायची नाही."

बाईंनी तिथंच फोन लावला.

"मुकादम, फोन कालिंदाकडे द्या."

"स्पीकरवर हाय की. बोला."

"बायकी बोलायचंय."

"आं? मंग... मी बैलं बघतो."

पावलं लांब गेली. मग बारीक आवाज आला. "बाई, डोकं लई ठणकतंय. डोळ्यापुढं काजवे चमकत्यात."

"आधी कावून नाही सांगितलंस गं?"

"मामंजींच्या फोनात कसं सांगू?"

बाईंचा आवाज बदलला. "मुकादमांना बोलाव. पळत."

पुढचं मुकादमानं केलं, हेही सांगायला हवं. कारखान्याची जीप अडवली, सुनेला तिथल्या सरकारी दवाखान्यात नेलं आणि वाटेत दर गावाला मेसेज केला, "निघालोय. ओव्हर." बीपी भयंकर वाढलं होतं. झटके येण्याआधी पोचली. मुलगी लवकर झाली, काही दिवस काचेच्या पेटीत राहिली. आता मायलेकी धडधाकट आहेत. परवाच मुलीला मांडीवर घेतलेला कालिंदाचा फोटो आला. जोडवी पायात. डॉक्टरबाईंनी आधी तीच बघितली.

मेसेज आला म्हणजे पेशंट बोलली, असं नसतं. फोन कुणाच्या हातात आहे, ते आधी विचारा. प्रत्येक टोळीत बायकांच्या हातात एक फोन द्या, हे मी दर मीटिंगला मांडते. सर दर मीटिंगला "बघू" म्हणतात.

मुकादमानं मात्र वाट बघितली नाही. त्यानं आपला फोन दर रविवारी बायकोकडे द्यायला सुरुवात केली. तिचा पहिला मेसेज असा होता :

"डॉक्टरबाई, रामराम. ह्यांना बाहेर घालवलंय. आता आमी सांगतो ते ऐका."